कार्यक्रम: नम्रता ओव्हाळ यांचे लेखन

नम्रताचा हिशेब सरळ होता. बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची. तान्हं बाळ दिवसातले सोळा तास झोपतं, हे तिने एकदा नव्हे, तीन ठिकाणी वाचलं होतं. त्या सोळांतून स्वतःची झोप आठ तास वजा. अंघोळ, जेवण, शेक-शेगडी आणि बाळ बघायला येणारे पाहुणे मिळून चार वजा. उरले चार. चार गुणिले एकशे ब्याऐंशी दिवस, म्हणजे सातशे अठ्ठावीस तास. ब्लॉगवरच्या एका लेखाला तिला सहा तास लागत. तेव्हा रजा संपेल त्या दिवशी तिच्या पदरात एक बाळ आणि एकशे एकवीस लेख असणार होते. सव्वादोन वर्षांचा साठा. विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या बाईने आकडेमोड केली की ती अशी चोख असते.

चूक आकडेमोडीत नव्हतीच. आनंदी खरोखर सोळा तास झोपायची. फक्त ते सोळा तास पस्तीस-पस्तीस मिनिटांचे तुकडे करून, आणि प्रत्येक तुकडा कुणाच्या ना कुणाच्या अंगावर.

हा ब्लॉग म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. नाव ‘रविवार, नऊ वाजता’. वाचक एकाहत्तर. त्यांतले दोन परदेशात, म्हणून नम्रता त्याला आंतरराष्ट्रीय म्हणायची. विषय काहीही: पीएमपीच्या कंडक्टरचे आवाज, मांजरी गावात उरलेला ऊस, लग्नात अहेराची पाकिटं मोजणारा माणूस. पण पावणेआठ वर्षांत एकही रविवार चुकला नव्हता. तापात नाही, टाळेबंदीत नाही, स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. शनिवारी दुपारी बारा ते सहा ती खोलीचं दार लावून घ्यायची आणि घरातल्या कुणीही ते वाजवायचं नाही, असा रिवाजच पडला होता.

बाळ यायच्या आधी तिने, लोणची घालून ठेवावीत तसे, आठ लेख लिहून तारखा लावून ठेवले होते. आठ रविवार ते आपोआप प्रसिद्ध झाले. आठवा होता तीनशे नव्याण्णवावा. बरणी रिकामी झाली आणि पुढचा लेख नेमका चारशेवा.

आता कुणी म्हणेल, एक रविवार चुकला तर काय आभाळ कोसळतं? सौरभही तेच म्हणाला. सौरभ तिचा नवरा. हिंजवडीला नोकरीला, म्हणजे सकाळी सातला कंपनीच्या बसमध्ये बसायचा आणि रात्री बाळ झोपल्यावर घरी उगवायचा. त्याला ते समजणं कठीण होतं. गेले दोन महिने नम्रताला नम्रता म्हणून कुणी हाक मारली नव्हती. दवाखान्यात ती ‘बेबी ओव्हाळची मदर’. सोसायटीत ‘आनंदीची आई’. मालिशवाल्या विमलाबाईंच्या लेखी नुसती ‘बाळंतीण’. तिचं नाव आता जगात एकाच ठिकाणी छापून येत होतं, दर रविवारी, नऊ वाजता, लेखाच्या खाली उजव्या कोपऱ्यात.

सोमवारी तिने लॅपटॉप उघडला आणि “चारशे लेखांपूर्वी” एवढं लिहिलं. आनंदी उठली.

मंगळवारी सौरभने बसमधून निरोप पाठवला, ‘बोलून टाइप कर ना, हात मोकळे राहतात.’ पुरुषांना बायकांच्या हातांची अशी काळजी चाळीस किलोमीटरवरून फार वाटते. तरी नम्रताने करून पाहिलं. फोन उशाशी ठेवला, विमलाबाई पायांवर बाळ घेऊन तेल चोळत होत्या, आणि ही डोळे मिटून बोलत राहिली. अर्ध्या तासाने पाहिलं तर फोनने काम इमानदारीने केलं होतं. “चारशे लेखांपूर्वी मी या शहरात नाक कुणावर गेलंय गं हिचं वडिलांवर का तेव्हा पाऊस टाळू अजून भरली न्हाई नीट आणि मला वाटलं ढेकर काढा ढेकर काढा आधी.”

वाचून नम्रता क्षणभर थक्क झाली. तिने आजवर लिहिलेल्या कुठल्याही लेखापेक्षा त्यात जास्त माणसं होती. तरीही ते चारशेवा लेख म्हणून छापण्याची हिंमत तिला झाली नाही.

बुधवारी सोसायटीतली दीपाली आली. सहाव्या मजल्यावरची, स्वतःची मुलं शाळेत गेलेली, त्यामुळे सल्ल्यांना भरपूर मोकळी.

“लेख कोण वाचतं गं आता? बाळाचे व्हिडिओ टाक. तीस सेकंद. जांभई दिली, टाकलं. शिंकली, टाकलं. माझ्या नणंदेच्या बाळाला चार हजार लोक बघतात.”

“माझ्या लेखांना एकाहत्तर जण आहेत,” नम्रता म्हणाली.

“सुरुवातीला असं होतं,” दीपालीने धीर दिला. “किती दिवस झाले सुरू करून?”

“पावणेआठ वर्षं.”

दीपालीने सहानुभूतीने तिचा हात दाबला आणि अळिवाचा आणखी एक लाडू उचलला.

हे सगळं बाहेरच्या खोलीत पेपरआडून सासरे ऐकत होते. रंगराव ओव्हाळ चौतीस वर्षं सरकारी कार्यालयात लघुलेखक होते. मोठमोठ्या साहेबांची तोंडं उघडायच्या आत यांची पेन्सिल उचललेली असे. निवृत्तीनंतर घरात बोलून लिहून घ्यायला कुणी नव्हतं, त्यामुळे त्यांच्या अंगातलं कार्यालय नुसतं बसून होतं. दीपाली गेल्यावर त्यांनी एक कोरी फाईल काढली, दोरी ओवली आणि वर लिहिलं, ‘विषय: चि. सौ. नम्रता यांच्या चारशेव्या लेखास होणाऱ्या विलंबाबाबत.’

“बाबा, फाईल कशाला?”

“अडचण तोंडी राहिली की ती अडचणच राहते,” रंगराव म्हणाले. “कागदावर आली की ती प्रकरण होते. प्रकरणाचा निपटारा करता येतो.”

त्यांच्या टिप्पणीचा निष्कर्ष असा निघाला, की दोष लेखिकेत नसून जागेत आहे. दोन खोल्यांच्या घरात बाळ असेल तिथे लेखिका असतेच. सबब लेखिकेला एक तास अन्यत्र हलवणे योग्य होईल. अन्यत्र म्हणजे सोसायटीचा हॉल. त्यांची सोसायटी ‘इक्षुबन’. जो ऊस तोडून ती बांधली, त्याचंच नाव बिल्डरने तिला कृतज्ञतेने दिलं होतं.

गुरुवारी रंगराव फाईल घेऊन सचिव फडतऱ्यांकडे गेले. फडतरे यांनी अर्ज दोनदा वाचला.

“ओव्हाळसाहेब, लेखन हा प्रकार आमच्या फॉर्मवर नाही. वाढदिवस आहे, योग आहे, सभा आहे, धार्मिक आहे.”

“‘इतर’ आहे ना?”

“आहे. पण ‘इतर’ला अंदाजे उपस्थिती लागते.”

रंगरावांनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘१’.

फडतऱ्यांनी चष्मा काढला. “एका माणसासाठी हॉल? उद्या कुणी म्हणेल मला एकट्याला झोपायचंय. ‘इतर’ला किमान दहा हवेत. ठराव आहे.”

“मग दहा लिहा.”

“मी लिहीन हो. पण दहा लिहिले तर दहा दिसले पाहिजेत. आणि तुम्हाला सांगतो, हॉल दिवाळीपर्यंत भरलेला आहे.”

ओव्हाळांच्या घरात त्या रात्री जेवताना हे सविस्तर सांगितलं गेलं. सासूबाई, मालनबाई, मांडीवर आनंदीला घेऊन एका हाताने भाकरी मोडत होत्या. मूळच्या लोणी काळभोरच्या, बोलायच्या कमी. त्या एवढंच म्हणाल्या, “हॉल भरलेला हाय म्हंजे रोज थोडाच भरलेला असतोय. बघा की नीट.”

आणि शुक्रवारी सकाळी फडतऱ्यांचा फोन आला. शनिवारचं चार ते पाच मोकळं झालंय. घेता का?

नम्रताला खरं वाटेना. एक तास! दार असलेला तास. तिने मनातल्या मनात तो तास उलटून-पालटून पाहिला, जसं बाळाचं बोट पाहावं तसं: एवढंसं, आणि सगळं जागच्या जागी.

शनिवारी दुपारी चारला पाच मिनिटं कमी असताना ती लॅपटॉप छातीशी धरून खाली आली आणि हॉलच्या दारात थबकली. आत अकरा माणसं बसली होती. खुर्च्या रांगेत. पहिल्या रांगेत निवृत्त प्राचार्य आगटे, गळ्यात मफलर, आणि शेजारच्या खुर्चीवर जागा धरायला ठेवलेली पिशवी.

उलगडा हॉलच्या दारावर लावलेल्या कागदाने झाला. ‘या आठवड्याचे कार्यक्रम. शनिवार दु. ४ ते ५, नम्रता ओव्हाळ यांचे लेखन. उपस्थिती प्रार्थनीय.’ फडतऱ्यांना दहा माणसं दिसायला हवी होती, आणि पुण्यात विनामूल्य कार्यक्रमाला दहा माणसं जमवणं सचिवाला अवघड नसतं.

“या, या,” आगटे म्हणाले. “वेळेवर सुरू करणार ना?”

“काका, गैरसमज झालाय. कार्यक्रम नाहीये. मी फक्त लिहिणार आहे. एकटी.”

“कागदावर तसंच आहे. लेखन. आम्ही लेखनालाच आलोय.”

“म्हणजे तुम्ही बसणार? मी लिहिताना?”

“तुम्ही लिहा. आमची अडचण नाही.”

नम्रताने आशेने सासऱ्यांकडे पाहिलं. रंगराव तिसऱ्या रांगेत बसून फाईलमध्ये उपस्थितांची नावं घेत होते. अकरा. ठरावाची पूर्तता होऊन वर एक शिल्लक. त्यांच्या चेहऱ्यावर चौतीस वर्षांचं समाधान होतं.

तेव्हा नम्रता बसली. समोर टेबल, टेबलावर कुणीतरी आणून ठेवलेला पाण्याचा तांब्या, आणि समोर बावीस डोळे. तिने “चारशे लेखांपूर्वी” वाचलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. दीपालीने फोनवर चित्रण सुरू केलं.

“काय झालं?” मागून कुणीतरी विचारलं.

“खोडलं,” आगट्यांनी मागे वळून सांगितलं. पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांनी टेबलाच्या कडेला ओढली होती, त्यामुळे त्यांना पडदा दिसत होता.

“काय खोडलं?”

“होतं तेच. चांगलं नव्हतं.”

पंधरा मिनिटांत नम्रताने एक वाक्य चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा हॉलला त्याची खबर मिळाली. तिचे कान लालबुंद झाले. पावणेआठ वर्षं ज्या गोष्टीसाठी तिने घरच्यांना दार वाजवू दिलं नव्हतं, ती आता अर्धी सोसायटी खुर्च्या ओढून बघत होती, आणि बघण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. उठून जावं, रविवार चुकू द्यावा, असं तिने जवळजवळ ठरवलंच.

चार वाजून वीस मिनिटांनी लिफ्टमधून रडण्याचा आवाज उतरत आला. सातव्या मजल्यावर सुरू झालेलं ते रडणं हॉलच्या दारात पोचलं तेव्हा चांगलंच तापलं होतं. मालनबाई आत आल्या आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, “भूक लागलीय तिला. वाटी-चमचा मानीना.”

साडेचार किलोचा जीव. त्याने तोंड उघडलं आणि प्राचार्य, सचिव, ठराव, सगळं एकदम गप्प झालं. नम्रता भान हरपून पाहत राहिली. अकरा माणसांना ती बाहेर काढू शकली नव्हती. या पोरीने त्यांना एका श्वासात गप्प केलं होतं.

“हं, उठा सगळे,” दीपाली म्हणाली. तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला होता.

“हॉल पाचपर्यंत आहे,” आगटे म्हणाले. “नियमाने आपल्याला उठता येत नाही. उपस्थिती दहाच्या खाली जाईल.”

दारात उभे राहिलेल्या फडतऱ्यांनी दारातूनच मार्ग काढला. ते घसा खाकरून म्हणाले, “सर्व सभासदांनी कृपया खुर्च्या भिंतीकडे वळवाव्यात.”

आणि वळवल्या. लोखंडी खुर्च्यांचा एकच खरखराट झाला, मग शांतता. अकरा पाठी. एका स्वेटरची शिवण उसवलेली, एका टकलावर ट्यूबलाइट, दीपालीच्या पाठीवर बसलेला केसाचा चिमटा. नम्रताने ओढणी घेतली आणि आनंदीला जवळ केलं. हॉलमध्ये आता फक्त बाळाच्या घोटांचा आवाज होता. एक घोट, थांबणं, दोन घोट. इतकी माणसं आणि इतकं लक्ष देऊन गप्प बसलेली, असं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी का आलं ते तिला कळलं नाही. हात मात्र दोन्ही अडकले होते.

“काय लिहायचं होतं?” भिंतीकडे तोंड करून रंगरावांनी विचारलं.

“आता काय, बाबा. हातच मोकळे नाहीत.”

“हात माझे आहेत. तू बोल.”

फाईल मांडीवर उलटी झाली, खिशातून पेन्सिल निघाली. सासऱ्यांची मान किंचित डावीकडे कलली. कुठल्यातरी केबिनमध्ये चौतीस वर्षं ती अशीच कलत असणार.

नम्रता बोलली. “माझ्यासमोर अकरा पाठी आहेत. पुण्यात कुणी मला पाठ दाखवली आणि त्यात अपमान नाही, असं पहिल्यांदाच होतंय.”

भिंतीकडून खुसखुस झाली.

मग ती थांबलीच नाही. सोळा तासांचा हिशेब, फोनने लिहिलेला तो अजब परिच्छेद, एक ते दहा चढलेली उपस्थिती, सगळं. आगट्यांनी जाहीर केलेलं खोडलेलं वाक्यही. ते मध्येच भिंतीला म्हणाले, “हे वाक्य लांब झालं.” ती म्हणाली, “असू दे, काका.” आणि ते चक्क म्हणाले, “बरं.” पेन्सिल कागदावर लघुलिपीच्या, काही सुतासारख्या बारीक, काही ठळक, रेघा ओढत होती, कुठेही न अडखळता. एवढ्या रेघोट्यांत आपली सगळी वाक्यं मावतात, या विचाराने नम्रताची नजर हटेना. सहा तासांचा लेख अर्ध्या तासात संपला. आनंदीला ढेकर आली. कुणीतरी टाळी वाजवली, भिंतीकडे बघूनच, म्हणून मग सगळ्यांनी.

संध्याकाळी रंगरावांनी लेख स्वतः टाइप करून दिला. एक शब्द गाळला नव्हता. ‘(येथे बाळास उचकी)’ असंही कंसात घातलं होतं. वर ‘विषय’ होता तेवढा नम्रताने काढला, उचकी ठेवली.

रविवारी नऊ वाजता चारशेवा लेख लागला. दुपारपर्यंत वाचक एकाहत्तरचे एकशे चार झाले, कारण इक्षुबनच्या प्रत्येक मजल्याला त्यात आपली पाठ शोधायची होती. फडतऱ्यांनी फोन करून सांगितलं की सचिवाचा उल्लेख ‘दारातून’ असा झालाय, तो ‘हॉलमध्ये उपस्थित’ असा हवा. आगट्यांनी तीन दुरुस्त्या पाठवल्या, पैकी दोन बरोबर होत्या. लिफ्टमध्ये एक अनोळखी बाई म्हणाली, “तुम्ही नम्रता ना?” नम्रता तिच्याकडे बघतच राहिली. उतरायचा मजला निघून गेला.

तर जमेच्या बाजूला एवढं. लेखिकेला नाव, सासऱ्यांना काम, सचिवांना दहाऐवजी अकरा, आगट्यांना दोन चुका. पावणेआठ वर्षांची ओळ अखंड. खर्चाच्या बाजूला काहीच दिसेना, आणि विम्यातल्या बाईला अशा पानाचा संशय येतो.

खर्चाचं पान तिला दुपारी सापडलं. हॉल वापरला की नोंदवहीत सही करावी लागते, म्हणून आनंदीच्या पुढच्या पस्तीस मिनिटांत ती खाली ऑफिसात गेली. स्वतःच्या नावाची ओळ शोधताना वरच्या ओळींवर तिचं बोट थांबलं. शनिवार, चार ते पाच. त्याआधीचा शनिवार, चार ते पाच. पान मागे उलटलं, आणखी मागे. गेल्या जूनपासून प्रत्येक शनिवारी तोच तास एकाच माणसाने घेतलेला होता. कार्यक्रम: धार्मिक, पेटी शिकणे. नाव: मालनबाई रंगराव ओव्हाळ.

जूनपासून. तेव्हा दर शनिवारी बारा ते सहा नम्रताचं दार बंद असायचं. दाराबाहेर कोण कुठे जातं, हे तिने कधी बघितलं नव्हतं.

शेवटच्या नऊ ओळींवर काट मारलेली होती. प्रत्येकीवर मोठ्या, सावकाश अक्षरात सही आणि पुढे ‘रद्द केल्याचे कारण’ या रकान्यात एकेक शब्द.

आठ वेळा ‘नात’. नवव्यांदा ‘सून’.